के की सी?

डब्लिनमधील एका वाचनकक्षात परवा मला, दोन वाढत्या मुलांच्या आईला, भर लोकांत ‘कृपया शांतता पाळा’ असे सुनावण्यात आले. ज्या गृहस्थांनी शेजारच्या मायक्रोफिल्म यंत्रावर बसून तोवर एकट्याने बोलून माझे डोके उठवले होते, ते त्या वेळी निमूटपणे चष्मा पुसत होते.

कारण सासूबाईंचे माहेर. ते आडनाव कार्नी, टिपरेरी काउंटीतले. शेजारच्या ऑफली काउंटीतल्या मनीगॉल गावातून फाल्मथ कार्नी नावाचा मुलगा १८५० साली अमेरिकेला गेला आणि बराक ओबामा त्याचे वंशज निघाले. ओबामा स्वतः २०११च्या मे महिन्यात त्या गावी येऊन बिअर पिऊन गेले, तेव्हापासून सासूबाईंचा माहेरचा अभिमान आवरेनासा झाला आहे. नाते कागदावर सिद्ध करण्याचे काम अर्थातच सुनेकडे आले. आमच्याकडे त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये वही उघडून खापरपणजोबांपर्यंत वाचून दाखवतात, हे मीच एकदा जेवताना बोलून गेले होते. त्यामुळे वंशावळ हे माझ्या रक्तातच आहे, असा त्यांनी समज करून घेतला.

शोध सुरू झाला आणि सासूबाईंचे पणजोबा चक्क सापडले. अडचण एवढीच, की १९०१च्या जनगणनेत त्यांच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग सी अक्षराने सुरू होते आणि १९११च्या जनगणनेत के अक्षराने. गाव तेच, बायको तीच, मुले तीच. मी आनंदाने ‘सापडले!’ असे पुटपुटले, आणि ते शेजारच्या गृहस्थांनी ऐकले.

“कोणते घराणे?” त्यांनी विचारले.

“कार्नी.”

“के की सी?”

“दोन्ही.”

त्यांनी यंत्राचा दिवा बंद केला. “दोन्ही असे काही नसते, बाईसाहेब. सी-वाले मेयो काउंटीचे, के-वाले टिपरेरीचे. त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.”

मी त्यांना दोन्ही पाने दाखवली. त्यांनी ती नाकाला टेकतील इतकी जवळ धरून वाचली आणि विजयी मुद्रेने म्हणाले, “वय पाहा! १९०१ साली अठ्ठावन्न, १९११ साली एकाहत्तर. दहा वर्षांत माणूस तेरा वर्षांनी म्हातारा होतो काय? हे दोन वेगळे कार्नी आहेत.”

आता हे मला ठाऊक होते. ब्रिटिश सरकारने १९०८ साली वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला आणि १९०९च्या जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्यांना ते मिळू लागले. आयर्लंडमध्ये जन्मनोंदणी सर्वांसाठी सक्तीची झाली १८६४ साली, म्हणजे म्हाताऱ्यांपैकी कोणाकडेच दाखला नव्हता, आणि त्यामुळे देशभर लोक एका दशकात भराभर वयस्क झाले. मी हे शक्य तितक्या नम्रपणे सांगितले.

“आमच्याकडचे लोक पेन्शनसाठी खोटे बोलत नसत,” गृहस्थ म्हणाले, आणि किंचित थांबून, “फार तर मेयोवाले बोलत असतील.”

“मग १९११चा के-वाला टिपरेरीचाच खोटे बोलतो आहे ना?”

“तो मुळात सी-वालाच असणार. के लावून बसला आहे.”

यावर काय बोलावे हे मला सुचेना, म्हणून मी त्यांचे नाव विचारले. ते ओ’रायली. आजोबा मात्र नुसते रायली होते. इंग्रजी अमलात पुष्कळ घराण्यांचा ‘ओ’ गळून पडला होता, तो यांनी निवृत्तीनंतर स्वतः परत लावून घेतला. “तो आमचाच होता,” ते करड्या स्वरात म्हणाले. मला हसू आवरले नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी पर्यवेक्षिका माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

खरे पाहता त्या पणजोबांना के की सी हा प्रश्न आयुष्यात कधी पडलाच नसेल. १९०१च्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे ‘वाचता येत नाही’ असे स्वच्छ लिहिलेले आहे. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचा तक्ता गणना करणारा पोलीस शिपाई भरत असे. त्याने कानाला आले तसे सी लिहिले. दहा वर्षांनी तक्त्यावर वळणदार शाळकरी अक्षर दिसते, ते बहुधा धाकट्या मुलीचे, आणि तिने के लिहिले. माणूस एकच, फक्त लेखणी प्रत्येक वेळी दुसऱ्याची. संगणकाला हे कोण सांगणार? अमेरिकेत १९१८ साली पेटंट घेतलेली साउंडेक्स नावाची एक पद्धत आडनावांना उच्चारानुसार सांकेतिक क्रमांक देते, पण पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवते. त्यामुळे सी-वाला कार्नी सी-६५०, के-वाला के-६५०, आणि त्यांची गाठ कधीच पडत नाही. रायली आणि ओ’रायली यांचीही पडत नाही, याचा मला त्या दिवशी नको इतका आनंद झाला.

१९०१च्या आधीच्या जनगणनांची पाने असती तर वाद मिटला असता, पण ती नाहीत. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील अभिलेखागार स्फोटात उडाले आणि १८२१ ते १८५१च्या जनगणनांचे बहुतेक कागद जळाले. युद्धात कागद जळतात, हे समजू शकते. परंतु १८६१ आणि १८७१चे कागद सरकारने स्वतःच नष्ट केले, आणि १८८१ व १८९१चे पहिल्या महायुद्धात लगदा करण्यासाठी देऊन टाकले. एका देशाच्या माणसांचा लगदा करायचा आणि शंभर वर्षांनी त्यांच्या खापरपणतसुनेने स्पेलिंगवरून बोलणी खायची, हा न्याय मला अजून पचलेला नाही.

सासूबाईंनी दोन्ही पाने चहाबरोबर पाहिली आणि १९०१चे पान बशीखाली सरकवले. “आमच्यात सी नव्हता,” त्या म्हणाल्या. आता त्यांना चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही पाहायची आहे. तिच्यातील पाने घरी बसून संगणकावर फुकट दिसतात, असे मी सांगितले. तिथे पाद्रीबुवांनी पणजोबांच्या जेम्स या नावाचा लॅटिन जॅकोबस केलेला आहे आणि आडनाव तिसऱ्याच प्रकारे लिहिले आहे, हेही दाखवले. त्यावर त्या म्हणाल्या, की मूळ वही पाहिल्याशिवाय खात्री होणार नाही, आणि वाटेत महामार्गावरच्या ओबामा प्लाझात थांबताही येईल. त्या पेट्रोल पंपावर त्यांना घरच्यासारखे वाटते. येत्या शनिवारी निघायचे ठरले आहे. गाडी मी चालवणार आहे, कारण त्यांच्या चिरंजिवांना इतिहासात रस नाही.