रोझा पार्क्स ‘एकटी’ नव्हती, तो मेसेज पुढे पाठवू नका

माझी मावशी धुणीभांडी करते, घरकामगारांच्या युनियनची सभासद आहे. परवा म्हणाली वर्गणी बंद करणार. का, तर ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेत रोझा पार्क्स नावाची साधी बाई दमली होती म्हणून बसमधल्या गोऱ्यांच्या सीटवरून उठली नाही, आणि एका रात्रीत कायदा बदलला. ना संघटना, ना पैसा, एक माणूस पुरे.’ डोकंच फिरलं.

तेव्हा तिथे बसमध्ये पुढे गोरे आणि मागे काळे असा नियम होता, आणि रोझा काळी. सीट गोऱ्यांची नव्हती, मधल्या भागातली होती, तिथे काळ्यांना बसता यायचं, पण गोऱ्याला जागा हवी झाली की उठवायचे. आणि दमली होती? तिने स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय की अंगाने दमले नव्हते, सारखं नमतं घेऊन घेऊन दमले होते. विषय संपला.

‘साधी बाई’ म्हणे. दुकानात शिवणकाम करायची हे खरं, पण 1943 मध्येच ती तिच्या माँटगोमेरी शहरात एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शाखेची सेक्रेटरी झाली होती. 1 डिसेंबर 1955 ला अटक झाली तेव्हा सोडवायला धावले ई. डी. निक्सन, रेल्वेतल्या पोर्टरांच्या युनियनचे. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या तिथल्या बाईने कॉलेजच्या मशीनवर ‘बसवर बहिष्कार टाका’ अशी हजारो पत्रकं काढली, वाटायला बायकांची संघटना आधीपासून तयार होतीच. त्याच वर्षी मार्चमध्ये 15 वर्षांची क्लॉडेट कोल्विन अशीच उठली नव्हती, तिलाही अटक झाली, पण पुढारी तिच्यामागे तसे उभे राहिले नाहीत, एक तर वय लहान आणि त्यात गरीब वस्तीतली पोर, हे त्यांचं चुकलंच. पण एक माणूस पुरे असता तर मार्चमध्येच झालं असतं ना सगळं?

‘पैसा लागला नाही’ हे सगळ्यात घातक. बहिष्कार 381 दिवस चालला, इतके दिवस बस सोडून पायी चालल्या कोण, तर लोकांच्या घरी स्वयंपाक-सफाई करणाऱ्या बायकाच जास्त. त्यांच्यासाठी गाड्या लावल्या, पेट्रोल काय फुकट येत होतं? जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकीण आणि तिच्यासोबतच्या बायका चिकन सँडविच, केक करून विकायच्या आणि पैसे सभेत आणून द्यायच्या, त्या बायकांची नावं बाहेर सांगायची नाहीत, कारण मालकिणीला कळलं तर काम जाणार. ही वर्गणीच आहे मावशी!

एक मान्य, त्या दिवशी अटक करून घ्यायचं रोझाचं आधी ठरलेलं नव्हतं. पण ‘एका रात्रीत’? बसमध्ये गोरे-काळे वेगळे बसवणं बेकायदा, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल नोव्हेंबर 1956 मध्ये आला, आणि तो खटला रोझाचा नव्हताच, चार दुसऱ्या बायकांचा होता, त्यात क्लॉडेटसुद्धा होती. तोवर रोझाची दुकानातली नोकरी गेली होती, धमक्या येत होत्या, आणि 1957 मध्ये ती माँटगोमेरी सोडून डेट्रॉइटला गेली.