स्वतःला झापल्याने चालढकल थांबत नाही

एक संदेश गेले काही महिने फिरतोय. नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो, जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर येतो, कधी उगवत्या सूर्याच्या चित्रावर छापून येतो. त्याचा गाभा असा: ‘चालढकल हे आळसाचंच गोंडस नाव आहे. मुदत डोक्यावर आली की तेच काम एका रात्रीत होतं. म्हणजे जमत होतं, करायचं नव्हतं. यावर औषध एकच, इच्छाशक्ती. ती स्नायूसारखी असते, ताणली की वाढते. स्वतःशी निष्ठुर व्हा, स्वतःला एकदाही माफ करू नका. २१ दिवस हे पाळा, सवय कायमची सुटेल.’

पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो याबद्दल मला शंका नाही. पण माझ्या भाचीने हा संदेश कागदावर उतरवून अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवला होता. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण अडलं होतं. महिन्याभराने मी तिच्याकडे गेले, तेव्हा कागद जागेवर होता आणि ती त्या टेबलावर बसेनाशी झाली होती. म्हणून यातला एकेक दावा नीट तपासून पाहावासा वाटला.

‘चालढकल म्हणजे आळस.’

चालढकल करणारा माणूस त्या वेळात काय करत असतो ते आधी पाहू. भाचीने त्या महिन्यात सगळी पुस्तकं विषयवार लावली, संदर्भांची यादी दोनदा तपासली, मैत्रिणीचा अख्खा अहवाल दुरुस्त करून दिला. दिवसभर हात चालू. फक्त त्या एका प्रकरणाला हात लागत नव्हता. आळशी माणूस काम टाळतो आणि निवांत झोपतो. चालढकल करणाऱ्याला ना काम होतं ना झोप लागते, कारण काम करायची इच्छा त्याने सोडलेली नसते.

आपल्या भाषेला हा फरक कधीचा कळलेला आहे. आळस, टंगळमंगळ, दिरंगाई, टाळाटाळ, चालढकल हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरत नाही. चालढकलीत ढकलणं आहे, आणि ढकलायला जोर लागतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणं सांगितली आहेत, त्यात ‘अलस’ आणि ‘दीर्घसूत्री’ असे दोन वेगळे शब्द आहेत. दीर्घसूत्री म्हणजे आजचं काम लांबवत नेणारा. त्या श्लोकात कौतुक दोघांचंही नाही. पण दोघं एकच, असंही म्हटलेलं नाही. आणि ‘दीर्घसूत्री’च्या अगदी शेजारी कोणता शब्द बसलाय? ‘विषादी’. खिन्न झालेला. ही जवळीक मुद्दाम साधली आहे असा दावा मी करणार नाही, पण आजचं मानसशास्त्र ज्या दिशेने बोट दाखवतं ती दिशा हीच आहे.

पिअर्स स्टील या मानसशास्त्रज्ञाने २००७ साली चालढकलीवरच्या तोपर्यंतच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्याची व्याख्या मला फार नेमकी वाटते: लांबवण्याने आपलंच नुकसान होणार हे दिसत असूनही, करायचं ठरवलेलं काम आपणहून लांबवणं. हे ‘दिसत असूनही’ महत्त्वाचं. त्या आढाव्यात चालढकलीशी पक्का संबंध दिसला तो कामाचा वैताग किती आहे, त्याचं फळ किती लांब आहे, आपल्याला ते जमेल असा भरवसा किती आहे आणि स्वभाव किती उतावळा आहे, यांचा. स्वयंशिस्त कमी असणं हेही त्या यादीत आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण ती यादीतली एक गोष्ट आहे. संदेश तेवढी एकच उचलतो आणि तिला शिवी बनवतो.

पुढे २०१३ मध्ये फ्युशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांनी मांडलं की चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नाही, भावना सांभाळण्याचा आहे. काम समोर आलं की पोटात काहीतरी गोळा होतं: कंटाळा, भीती, ‘हे आपल्याला झेपणार नाही’ ही शंका. काम बाजूला ठेवलं की तो गोळा लगेच विरतो. ही सुटका खरी असते, म्हणून मन ती पुन्हा मागतं. भाचीला मी विचारलं होतं, “टेबलाशी बसलीस की नेमकं काय होतं?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मावशी, सरांचा चेहरा दिसतो.” दुसऱ्या प्रकरणावर मार्गदर्शकांनी चारचौघांत काही टोचून बोललं होतं. तिसरं लिहायला घेतलं की ते सगळं पुन्हा वर यायचं. याला आळस म्हणणारा माणूस चुकीच्या जागी औषध लावतोय.

‘शेवटच्या रात्री होतं, म्हणजे करायचंच नव्हतं.’

हा दावा ऐकायला बिनतोड वाटतो. पण शेवटच्या रात्री बदलतं काय? इच्छा बदलत नाही, कुवतही नाही. तोवर काम करण्याचा त्रास जवळ असतो आणि न करण्याचा त्रास लांब. लांबचा त्रास माणसाला नेहमीच लहान दिसतो. मुदत आली की दुसरा त्रासही तेवढाच जवळ येतो आणि पहिल्याहून मोठा होतो. एका भीतीने दुसरीला ढकलून दिलं, एवढंच त्या रात्री घडतं.

तेही फुकट होत नाही. डायान टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सत्रभर पाहिलं. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारे इतरांपेक्षा निवांत होते, आजारीही कमी पडत होते. सत्र संपत आलं तेव्हा चित्र उलटलं, आणि एकूण हिशेबात ताण व आजारपण त्यांच्याच वाट्याला जास्त आलं. गुणही त्यांनाच कमी मिळाले.

शिवाय आयुष्यातल्या कितीतरी कामांना शेवटची रात्र नसतेच. गाठ हाताला लागलीय, तपासून घ्यायचीय. इच्छापत्र करायचंय. कुणाची तरी माफी मागायचीय. या कामांना मुदत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि सर्वांत जास्त नुकसान तीच करतात. संदेश त्यांच्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

‘स्वतःला माफ करू नका.’

संदेशातलं हे सर्वांत घातक वाक्य.

माझ्या एका जिवाभावाच्या मैत्रिणीचे बाबा गेले. निरोप संध्याकाळी मिळाला. वाटलं, आत्ता घाईत नको, उद्या सकाळी शांतपणे फोन करू, नीट शब्द शोधू. सकाळी शब्द सापडले नाहीत. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता घरात माणसांची गर्दी असेल. अकराव्या दिवशी अवस्था अशी की फोन करायचा तर आधी उशिराबद्दल बोलावं लागणार, आणि उशिराला सांगण्यासारखं कारण नव्हतं. मग मी स्वतःला रोज बोल लावू लागले. कसली मैत्रीण मी, एवढंही जमत नाही. जितकं जास्त बोलले तितका तो फोन जड होत गेला. सात महिने गेले. त्या माणसाच्या घरी मी लहानपणी सुट्ट्या काढल्या होत्या.

‘आळस’ या शब्दात हे कुठे बसतं? आणि निष्ठुरपणाची तर मी काही कसर ठेवली नव्हती.

शेवटी बहीण म्हणाली, “झालं ते चुकलंच तुझं. आता त्या उशिराविषयी बोलत बसू नकोस, काकांविषयी बोल.” मी फोन लावला. मैत्रीण तासभर तिच्या बाबांविषयी बोलत होती. उशिराचा विषय तिने काढला नाही.

हा माझा एकटीचा अनुभव झाला. पण कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांवर झालेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेमका याच प्रश्नावर आहे. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल झाल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. कारण उघड आहे. पुस्तक उघडलं की मागच्या वेळची लाज वर येत असेल, तर टाळण्यासारख्या गोष्टी दोन झाल्या: अभ्यास आणि लाज. माफीने त्यातली एक कमी होते. अभ्यास छोटा आहे, एकाच विद्यापीठातला आहे, त्यावर सगळी इमारत उभी करू नये. पण ‘माफ केलंत की बिघडलात’ या दाव्याच्या बाजूने संदेशात तेवढाही आधार नाही.

माफ करणं म्हणजे सोडून देणं नव्हे, हेही इथे म्हणायला हवं. बहिणीने आधी ‘चुकलंच तुझं’ म्हटलं होतं. ती पायरी गाळली तर ती माफी राहत नाही, पांघरूण होतं.

आणि निष्ठुर व्हायला सांगताना समोर कोण आहे हे कुणी पाहतं का? स्वीडनमधल्या ३,५२५ विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा नऊ महिने मागोवा घेणारा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. जास्त चालढकल करणाऱ्यांमध्ये पुढच्या काळात नैराश्य, चिंता, ताण, अपुरी झोप आणि एकटेपणा जास्त आढळला. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा अभ्यासातून ठाम सांगता येत नाही. पण ज्याला नैराश्याने ग्रासलंय, किंवा ज्याला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारा विकार) आहे, त्याचं लांबलेलं काम हे अनेकदा त्या दुखण्याचंच लक्षण असतं. महिनोन्‌महिने सगळीच कामं अडत असतील, आवडीचीसुद्धा, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटावं. अशा माणसाला ‘निष्ठुर हो’ म्हणणं हे क्रौर्य आहे, आणि हा शब्द मी विचार करून वापरतेय.

‘इच्छाशक्ती वाढवा.’

स्नायूची उपमा १९९८ च्या प्रयोगांनंतर गाजली: इच्छाशक्ती वापरली की स्नायूसारखी थकते. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून अधिक लोकांवर तो परिणाम पुन्हा तपासला, तेव्हा तो जवळजवळ शून्य निघाला. वाद अजून मिटलेला नाही, पण एवढ्या डळमळीत उपमेवर कुणाचं आयुष्य तोलू नये.

इच्छाशक्तीपेक्षा भरवशाची एक साधी गोष्ट आहे. ‘उद्या नक्की लिहीन’ याऐवजी ‘नऊ वाजता टेबलाशी बसले की आधी फाईल उघडीन’ असं ठरवणं. केव्हा, कुठे, आणि पहिली कृती कोणती. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी ही पद्धत अभ्यासली, आणि २००६ साली अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा तिचा परिणाम मध्यम ते मोठा दिसला. मला वाटतं, ती चालते कारण ऐन वेळी मनाशी घासाघीस करावी लागत नाही. निर्णय आदल्या दिवशीच झालेला असतो. पहिली कृती मात्र खरोखर लहान हवी. ‘प्रकरण लिहिणं’ ही कृती नाही, तो डोंगर आहे. ‘कालचं शेवटचं वाक्य वाचणं’ ही कृती.

मोठ्या कामाला मधल्या मुदती लावल्याचाही उपयोग होतो, पण त्या दुसऱ्या कुणाला तरी बांधील असाव्यात. डॅन एरिएली आणि क्लाउस वर्टनब्रोख यांच्या २००२ सालच्या प्रयोगांत स्वतः लावून घेतलेल्या मुदतींनी काम सुधारलं, आणि बाहेरून समान अंतराने लावलेल्या मुदतींनी त्याहून जास्त. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं हीसुद्धा इच्छाशक्ती नव्हे, व्यवस्था आहे. तिच्यासाठी निष्ठुर व्हावं लागत नाही.

‘२१ दिवस.’

हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून आला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला ‘किमान’ वाटेत गळला. लंडनमध्ये झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. बाविसाव्या दिवशी ज्याला वाटतं की आपण हरलो, त्याने हे नक्की वाचावं.

संदेशात एक गोष्ट खरी आहे, ती मोकळेपणाने मान्य करते: मूड लागण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा आधी सुरुवात होते, मूड मागून येतो.

भाचीच्या भिंतीवर आता दुसरा कागद आहे. त्यावर लिहिलंय, ‘नऊ वाजता. टेबल. कालचा शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचायचा.’ तिसरं प्रकरण गेल्या महिन्यात मार्गदर्शकांकडे गेलं आणि बऱ्याच दुरुस्त्यांसह परत आलं. तो लिफाफा तिने चार दिवस उघडला नाही. पाचव्या दिवशी उघडला, आणि मला फोन करून तसं सांगितलं: “मावशी, चार दिवस घाबरले होते. आता पान सातवर आहे.”