नाला बुजवा आणि मग बोअरला शिव्या द्या

आज सकाळी यावलकडून येताना बघितलं. सातपुड्यातून उतरणारा, आमच्या शिवाराला लागून जाणारा नाला अर्धा बुजवलाय. जेसीबी चालू, मुरमाचे डंपर रांगेत, आणि कडेला प्लॉटचा फलक : 'भरपूर पाणी'. अरे, ते ज्या वाटेनं येतं तीच तर बुजवताय!

डोकं फिरलंय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या जुन्या विहिरीची गोष्ट जवळच्यांना पाठ असेल. नाल्याला पूर आला की लहानपणी मी पळत जाऊन विहिरीत डोकवायचो. पाणी जिथल्या तिथं. आजोबा हसायचे, "थांब ना रे, त्याले यायले येळ लागते." मग पोळा झाल्यावर, पावसानं उघडीप दिली असतानाही, विहीर चढायची. शेवाळलेल्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जायच्या.

डोंगरातून आणलेले गोटे, वाळू, रेती हे नाले पायथ्याशी टाकत आलेत. भूजलवाले त्या पट्ट्याला बझाडा म्हणतात. वर खळाळणारा नाला इथं आला की कोरडा पडतो, आणि लोक म्हणतात पाणी गेलं. गेलं कुठं? खाली उतरलं. तिथून तापीच्या गाळाच्या थरांतून हळूहळू दक्षिणेला सरकतं आणि रावेर-यावलची केळी जगवतं. खालच्या काळ्या मातीत ते इतक्या सहज मुरत नाही. ती भिजून फुगली की वरचं पाणी सरळ वाहून जातं. मुरायची खरी जागा पायथ्याचीच.

ठिबक आलं, बंधारे झाले, मान्य. पण वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी केळी लावली, हे कोण बोलणार?

आणि गंमत बघा. 2025 मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रानं तापी मेगा रिचार्जचा करार केला. तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याला फिरवून जमिनीत मुरवायचं. हजारो कोटींची योजना. जो नाला हेच काम फुकट करत होता, त्याच्यावर आता बंगले!

प्लॉट घेणाऱ्यांवर राग नाही. कुणी रिटायर झालेला मास्तर, कुणी एसटीतला कंडक्टर. आयुष्याची पुंजी घातलेली असते. राहायला घर सगळ्यांनाच लागतं. ते बिचारे बोअर मारतील, मग आणखी खोल मारतील. आमच्या विहिरीच्या सगळ्या पायऱ्या आता उघड्या आहेत, तळाला बिसलेरीच्या बाटल्या. पूर आला तरी पोळ्यानंतर काही चढत नाही. आजोबा असते तर काय सांगितलं असतं त्यांनी, देव जाणे.

उद्या गावनकाशाची नक्कल काढायला जातोय. त्यात नाला दाखवलेला असणारच. शिवारातलं कुणी सोबत येत असेल तर सकाळी फोन करा. जुना नकाशा घरात असेल तर फोटो टाका. आणि कमेंटमध्ये मला विकास शिकवायला कुणी येऊ नका, आज मूड नाही.