रंग राहू द्या, आवाजही राहू द्या

आवडता सिनेमा कुठला, गाणं कुठलं, फोटो कुठला, असं कुणी विचारलं की माझं उत्तर हल्ली एकच असतं. ज्या माणसानं आपल्या गावाचा रंग आणि आवाज पुसून टाकलेला नाही, त्याचं काम मला आवडतं. आज जरा लांबच लिहितेय, सवडीनं वाचा.

आधी ‘फँड्री’. २०१३ चा सिनेमा. दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. सिनेमातला मुख्य पोरगा, जब्या, झालेल्या सोमनाथ अवघडेला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे सगळ्यांना आठवत असेलच. मला मात्र जत्रेतला तो प्रसंग जास्त आठवतो. जब्या बेभान नाचत असतो आणि बाप त्याला बाजूला बोलावून डोक्यावर पेट्रोमॅक्सची बत्ती देतो. सगळ्या गावाला नाचायला उजेड पुरवणारं पोरगं स्वतः नाचू शकत नाही, हे एक शब्द न बोलता कळतं. तो प्रसंग पाहिल्यापासून कुठलाही सिनेमा असो, उजेड कुठून येतोय आणि कुणाच्या जिवावर येतोय, हे मी शोधत बसते. फोटो काढायची खरी ओढ मला तिथून लागली.

‘सैराट’बद्दल सगळं बोलून झालंय, म्हणून आवाजापुरतंच बोलते. अजय-अतुल यांनी त्या गाण्यांसाठी थेट लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. करमाळ्याच्या रानातली गोष्ट आणि तिच्यामागे एवढ्या व्हायोलिन! त्यामुळे शेवटच्या प्रसंगातली शांतता अंगावर येते. लेकरू रडताना दिसतं आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही. आवाज कधी काढून घ्यायचा हे ज्याला कळलं, त्याला आवाजाची किंमत कळलेली असते.

‘कोर्ट’ पाहिला नसेल त्यांनी आधी तो बघा. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ चा. कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. वकील बोलतात, तारीख पडते, लोक येतात-जातात, आपण मागच्या बाकावर बसल्यासारखे बघत राहतो. लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे मुळात चळवळीतले कार्यकर्ते होते, आणि गाणी संभाजी भगत यांची. सुट्टी लागते, कोर्टातले दिवे मालवले जातात आणि अंधार पडद्यावर बराच वेळ तसाच राहतो. अनेकांना तो सिनेमा संथ वाटतो, मला अजिबात वाटत नाही. ज्याची केस आहे त्याच्यासाठी वेळ तसाच जातो.

आता गाणी. इंडिपेंडंट, म्हणजे सिनेमाबाहेरचं, स्वतःच्या बळावर केलेलं संगीत म्हटलं की आपल्याकडे अजूनही लोकांना वाटतं, हे इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या शहरांतल्या पोरांचं काम. तसं नाही हो. ‘इंडियन ओशन’ हा बँड घ्या. त्यांचं ‘मा रेवा’ हे नर्मदेचं पारंपरिक गाणं बँडमधल्या राहुल राम यांना नर्मदा बचाओ आंदोलनात काम करताना भेटलं. त्याच बँडमधले असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे. ते २००९ मध्ये गेले, पण जुनी रेकॉर्डिंग लावली की तो खर्जातला आवाज अजून तसाच अंगावर काटा आणतो. आणि ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड! आपल्या पंढरपूरच्या वाटेवरचे अभंग बेस गिटार आणि ड्रम्सवर. घरातली मोठी माणसं ऐकून आधी गप्प झाली, मग ठेका धरला. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कानांना हे परकं वाटायचं काही कारणच नाही.

सोलापुरात घरी बसून गाणी करणारी बरीच पोरं मला माहीत आहेत. पूर्व भागातल्या एकाच्या खोलीशेजारी यंत्रमागाचा शेड आहे. मागांची खटखट मधे येते म्हणून तो रात्री उशिरा माग थांबले की रेकॉर्ड करतो. मला मनापासून वाटतं, त्यानं एक तरी गाणं त्या मागांवर बांधावं. तो ठेका जगात कुठल्याही सॅम्पल पॅकमध्ये, म्हणजे तयार आवाजांच्या संचात, मिळणार नाही. शिवाय या शहरात एका गल्लीत तेलुगू, दुसरीत कन्नड, तिसरीत दखनी आणि सगळीकडे आपली मराठी. एवढा ऐवज दाराशी असताना कुठल्या तरी दूरच्या पावसावर आणि कॉफीवर गाणं का लिहायचं?

फोटोंचंही तेच. सोलापूरचं ऊन फोटोला वाईट, असं मला पहिल्यांदा कॅमेरा हातात घेतल्यापासून सांगितलं गेलं. मला तेच ऊन आवडतं. सिद्धेश्वराच्या यात्रेत सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, ते पेलणारे आणि बरोबरचे सगळे पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या पारंपरिक अंगरख्यात. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं करड्या रंगाचं धरून हिशेब करतं, त्यामुळे एवढं पांढरं दिसलं की ते उजेड कमी करतं. बाराबंदी मळकट येते आणि माणसांचे चेहरे काळेठिक्कर. मी चेहरा बघून उजेड ठरवते, साधारण एक स्टॉप वाढवते, म्हणजे उजेड दुप्पट करते, आणि रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाईल, ठेवते. फोटोत कपड्याचा एखादा कोपरा जास्त उजेडानं पांढराफटक झाला तर होऊ दे, पण काठी पेलताना मानेवर ताठलेली शीर आणि कपाळावरचा घाम दिसलाच पाहिजे. सेकंडहँड कॅमेरा आणि पन्नास मिलिमीटरची लेन्स, एवढ्यावर हे होतं. पन्नासला झूम नाही, म्हणून माणसाच्या जवळ जावं लागतं, बोलावं लागतं. ते मला फार आवडतं.

आणि म्हणूनच मोबाईलमधल्या त्या ब्युटी मोडवर माझा खरा राग आहे. आपल्या उन्हातले चेहरे तो न विचारता उजळ करतो, सुरकुत्या घासून टाकतो. ‘फँड्री’तला जब्या तोंडाला पावडर चोपडतो तेव्हा आपल्या पोटात कालवतं ना? मग तीच पावडर आपण आपल्या आजीच्या फोटोला का लावतो? आयुष्यभर विड्या वळलेल्या बाईचे हात गुळगुळीत करून काय मिळवलं?

यंदाच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी मी तो सोहळा होतो त्या संमती कट्ट्याच्या बाजूला असेन. फोटोची आवड असेल तर या, मोबाईल असला तरी चालेल, फक्त तो मोड आधी बंद करा. काढलेले फोटो नंतर आमच्या गच्चीवर चादर लावून मोठे करून बघू. आणि ‘कोर्ट’ न पाहिलेले कुणी असतील तर त्याच चादरीवर तोही लावू. शेंगाचटणी-भाकरी माझ्याकडून.