संशोधन प्रमुखांसाठी सुलभ मार्गदर्शिका

अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत आपली संशोधन प्रमुख म्हणून नेमणूक झाली असेल, तर प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. गेल्या आठवड्यात अशाच एका संस्थेच्या अहवालाचा मसुदा अभिप्रायासाठी माझ्याकडे आला. मी अंध आहे, संशोधन हाच माझा व्यवसाय आहे आणि त्या अहवालाच्या सल्लागार समितीत माझे नाव आहे. तो मसुदा वाचण्याचा, किंवा अधिक अचूक सांगायचे तर वाचता न येण्याचा, जो अनुभव मला आला, त्यातून हे पद कसे भूषवावे याविषयी काही मार्गदर्शन करण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे असे मी समजते.

पहिले सहा महिने शब्द ठरवण्यात घालवावेत. ‘अपंग’ म्हणावे, ‘विकलांग’ म्हणावे, ‘दिव्यांग’ म्हणावे की ‘विशेष गरजा असलेली व्यक्ती’ म्हणावे, यावर किमान दोन परिसंवाद सहज होतात. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधायला खर्च येतो. शब्द फुकटात बदलता येतो.

संशोधनाचा विषय निधी देणाऱ्यांच्या अर्जातील रकान्यांमधून आपोआप निघत असतो, त्यामुळे तो अपंग व्यक्तींना विचारण्याच्या फंदात पडू नये. त्यांना विचारले की ही मंडळी भलतेच विषय काढतात. नोकरीच्या मुलाखतीला बोलावून घेतलेल्यांपैकी किती जणांना प्रत्यक्षात घेतले, सही जुळत नाही म्हणून बँकेने किती जणांना परत पाठवले, तक्रार केल्यानंतर कोणावर कारवाई झाली, असले आकडे त्यांना हवे असतात. आणि असे आकडे एकदा हाती आले की कोणाला तरी जाब विचारणे भाग पडते. त्यापेक्षा ‘अपंग व्यक्तींच्या समस्या : एक अभ्यास’ हे शीर्षक केव्हाही निर्धोक. ब्रिटनमधील माइक ऑलिव्हर या समाजशास्त्रज्ञांनी, जे स्वतः चाकाची खुर्ची वापरत, १९९० मध्ये तेथील सरकारी पाहणीचे प्रश्न उलटे करून दाखवले होते. वस्तू धरायला किंवा फिरवायला तुम्हाला कोणत्या विकारामुळे त्रास होतो, असा मूळ प्रश्न होता. बरण्या, बाटल्या आणि डबे यांच्या रचनेतील कोणत्या दोषांमुळे त्या धरायला किंवा फिरवायला तुम्हाला त्रास होतो, असे त्यांनी तो बदलून विचारले. आपण या वाटेला जाऊ नये. बरणीची मुलाखत घेता येत नाही.

मोजणीविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहा माणसांमागे एक जण, लक्षणीय अपंगत्वासह जगतो, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा आकडा प्रस्तावनेच्या पहिल्याच वाक्यात घालावा. त्यानंतर आपल्या पाहणीसाठी दारोदार माणसे पाठवावीत आणि उंबऱ्यात उभे राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, कुटुंबप्रमुखाला विचारावे, ‘घरात कोणी अपंग आहे का?’ बहुतेक घरांतून ‘नाही’ असे उत्तर येईल, कारण अशा प्रश्नाला उंबऱ्यात उभे राहून ‘हो’ म्हणण्याची किंमत काय असते ते त्या घरालाच ठाऊक असते. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ मध्ये स्थापन केलेल्या वॉशिंग्टन गटाने नेमक्या याच कारणासाठी सहा प्रश्नांचा छोटा संच तयार करून ठेवला आहे. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का, श्रवणयंत्र लावूनही ऐकायला अडचण येते का, चालायला किंवा जिना चढायला अडचण येते का, लक्षात ठेवायला किंवा लक्ष केंद्रित करायला अडचण येते का, स्वतःची आंघोळ किंवा कपडे घालणे यांत अडचण येते का, नेहमीच्या भाषेत दुसऱ्याचे समजून घ्यायला किंवा आपले समजावून सांगायला अडचण येते का, एवढेच त्यात विचारले जाते आणि ‘अपंग’ हा शब्द एकदाही येत नाही. उत्तरेही चार असतात : अडचण नाही, थोडी अडचण येते, बरीच अडचण येते, मुळीच जमत नाही. आपण ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोनच ठेवावीत. तक्ता सुटसुटीत दिसतो. (या संचातून मनोसामाजिक, म्हणजे मानसिक आजारांशी निगडित, अपंगत्व असलेली माणसे बऱ्याच अंशी निसटतात, हे खरे आहे. पण ही तक्रार करण्याचा अधिकार, ज्यांनी निदान ते सहा प्रश्न विचारले आहेत त्यांना असावा.)

अपंग व्यक्तीला संशोधनाच्या कामावर घ्यायचेच झाले, तर तिला ‘समुदाय समन्वयक’ म्हणावे आणि मानधन द्यावे. पगार संशोधकांसाठी असतो.

सांकेतिक भाषेचा दुभाषी दिवसभराच्या बैठकीसाठी एकच बोलवावा, आणि दुपारी त्याचे हात थकले की चर्चेचा मुख्य मुद्दा सुरू करावा.

आता सल्लागार समिती. ही समिती अत्यावश्यक आहे, कारण २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ४, उपकलम ३ मध्ये, अपंग व्यक्तींशी त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत निकटचा विचारविनिमय करावा आणि त्यांना सक्रियपणे सहभागी करून घ्यावे, असे म्हटले आहे. ते कलम शासनांसाठी आहे, पण ते शासनांना ऐकवायचे तर आपल्या अहवालातही चार अपंग नावे दिसलेली बरी. नावे मिळाली की समितीचे काम संपले. तरीही औपचारिकता म्हणून मसुदा पाठवायचा असेल, तर तो कसा पाठवावा हे मी आता अनुभवाने सांगू शकते. संगणकावर व्यवस्थित टाइप केलेला मजकूर प्रथम कागदावर छापावा. मग त्यावर वरिष्ठांची सही आणि शिक्का घ्यावा. मग ती ११२ पाने एकामागून एक स्कॅन करून त्यांची पीडीएफ करावी. जो मजकूर माझ्या संगणकाने मला सरळ वाचून दाखवला असता, तो अशा रीतीने कष्टपूर्वक, माणसे आणि कागद खर्ची घालून, मला वाचता येणार नाही असा करावा. मी फाइल उघडली तेव्हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर म्हणाला, ‘पान एक, ग्राफिक’, म्हणजे नुसते चित्र. मी पुढे गेले. ‘पान दोन, ग्राफिक.’ पान सतरापर्यंत मी हे भक्तिभावाने ऐकले. सोबतच्या पत्रात अभिप्रायासाठी दोन दिवसांची मुदत होती आणि ‘आपला सहभाग आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे वाक्य होते. पत्र तेवढे वाचता येत होते.

मी दूरध्वनी केला. पलीकडच्या व्यक्तीने अत्यंत सौजन्याने विचारले, ‘मॅडम, घरी वाचून दाखवणारं कोणी नाही का?’ मूळ वर्ड फाइल मागितली, तर ती ‘अंतिम झाल्यावरच’ देता येईल असे उत्तर मिळाले. अंतिम झाल्यावर अभिप्राय कशावर द्यायचा, हे मी विचारले नाही. सौजन्याला मर्यादा असतात आणि त्या दिवशी त्या माझ्या बाजूने संपत आल्या होत्या. शेवटी मी ती ११२ पाने अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीतून काढली. तक्त्यांतील टक्केवारी स्तंभ सोडून वाटेल तिथे जाऊन बसली, दोन प्रकरणे एकमेकांत मिसळली आणि चौथ्या प्रकरणाचे नाव मला ‘माहितीची सुरम्यता’ असे ऐकू आले. बराच वेळ विचार केल्यावर कळले की ते ‘माहितीची सुगम्यता’ होते. अंध वाचकांना कागदपत्रे वाचता येण्याजोग्या स्वरूपात मिळत नाहीत, याबद्दल त्या प्रकरणात शासनाची चांगली खरडपट्टी काढलेली आहे.

सुदैवाने ध्वनिमुद्रणे स्कॅन करता येत नाहीत, त्यामुळे नमुन्यादाखल पाठवलेल्या तीन मुलाखती मला ऐकता आल्या. त्यांतली एक २६ वर्षांच्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणाची आहे, असे फाइलचे नाव सांगते. प्रत्यक्षात संशोधक त्याच्या आईशी बोलत आहे. याला काय आवडते, याला कुठे राहायचे आहे, याला राग येतो का. पलीकडून एक आवाज तीनदा म्हणतो, ‘मी सांगतो.’ तिसऱ्यांदा तो बराच जवळून येतो, बहुधा उठून पुढे आला असावा, आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज होतो. त्या मुलाखतीची टंकलिखित प्रत मी एका सहकारी मैत्रिणीकडून वाचून घेतली. तीनही ठिकाणी कंसात लिहिले आहे, ‘पार्श्वभूमीवर गोंगाट’.

विनोद करण्याची माझी शक्ती इथे संपते.

हे काही आज सुरू झालेले नाही. इंग्लंडमधील एका निवासी संस्थेत राहणाऱ्या अपंग माणसांनी १९६० च्या दशकात स्वतःहून संशोधकांना बोलावले होते, कारण आपले आयुष्य आपल्या ताब्यात असावे यासाठी व्यवस्थापनाशी चाललेल्या झगड्यात त्यांना मदत हवी होती. संशोधक आले, समतोल राखून अभ्यास केला आणि १९७२ मध्ये मांडले ते असे की, समाजाने या माणसांना मृतच ठरवले आहे आणि त्या सामाजिक मृत्यूपासून शारीरिक मृत्यूपर्यंतचा प्रवास सुसह्य करणे हे अशा संस्थांचे काम आहे. तिथल्याच रहिवाशांपैकी एक असलेल्या पॉल हंट यांनी पुढे या संशोधकांना परोपजीवी म्हटले. मराठीत बांडगूळ म्हणतात. त्या संशोधकांकडे निदान एक सबब होती की ते बाहेरचे होते. तुम्ही तर हक्कांच्या नावाने पाटी लावून बसला आहात. वर सांगितलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराच्या समितीने २०१८ मध्ये अपंग व्यक्तींच्या स्वतःच्या संघटना आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या इतर संस्था यांत स्पष्ट फरक केला आणि पहिल्यांचे मत प्राधान्याने घ्यावे असे सांगितले, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याच मसुद्यात त्याचा उल्लेख आहे, माझ्या प्रणालीने तेवढा परिच्छेद नीट वाचला. मग तुमच्या संशोधन विभागात निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर एकही अपंग माणूस का नाही? प्रश्नावली छापण्यापूर्वी ती कोणाला दाखवली होती? ‘मी सांगतो’ असे स्पष्ट मराठीत तीनदा म्हणणाऱ्या माणसाचे बोलणे गोंगाट म्हणून लिहिताना तुमच्या कार्यालयातल्या एकाचाही हात अडखळला नाही?

मसुदा पुन्हा पाठवा. मजकूर म्हणून पाठवा, शीर्षके आणि तक्ते वाचता येतील असा पाठवा, आणि मुदत तो मला मिळेल त्या दिवसापासून मोजा, तीही दोन दिवसांची नको. त्या तरुणाकडे परत जा आणि या वेळी त्याच्यासमोर बसा. यातले काहीही करणार नसाल, तर सल्लागारांच्या यादीतून माझे नाव काढून टाका. ते कोणत्या पानावर आहे हे मी तुम्हाला सांगू शकत नाही.