‘एकही खिळा नाही’: होर्यूजीच्या पॅगोडाबद्दलचा मेसेज कुठे चुकतो

व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येणारा मेसेज असा: ‘जपानमधला होर्यूजीचा पाचमजली लाकडी पॅगोडा १३०० वर्षं उभा आहे. त्यात एकही खिळा नाही. मधला खांब लटकता असल्यामुळे भूकंपात तो पडत नाही. दुरुस्ती तर कधी लागलीच नाही.’

होर्यूजी हे नारा भागातलं बौद्ध मंदिर; त्याच्या वयाचा मुद्दा बरोबर आहे. ६७० साली मूळ मंदिर जळालं आणि ७११च्या सुमारास आजचं उभं राहिलं. मधल्या खांबाचं हिनोकी (जपानी सायप्रस) झाड तर ५९४ साली तोडलेलं, हे खोडातल्या वर्तुळांवरून कळलं आहे.

खिळ्यांचं मात्र साफ खोटं. वासे खिळ्यांनीच ठोकलेले आहेत. त्या काळी खांब एकमेकांना बांधायला बाहेरून आडव्या पट्ट्या लावत, त्यांना नागेशी म्हणतात, आणि त्याही मोठ्या खिळ्यांनी बसवत. खांबाला आरपार भोक पाडून त्यातून आडवी तुळई, म्हणजे नुकी, ओवण्याची पद्धत रुळली ती बाराव्या शतकाच्या अखेरीस. नारामधल्या तोदाईजी मंदिराचा ११९९चा दक्षिण दरवाजा हे तिचं ठळक उदाहरण. यात भोक किंचित मोठं ठेवतात आणि तुळई ओवल्यावर पाचरी ठोकतात. लाकूड वाळलं की पाचर सैल होते, ती पुन्हा ठोकावी लागते. ‘खिळा नाही’ म्हणणारा मेसेज त्या खिळ्यांच्या लोहारांचंच श्रेय पुसतो. लोखंड तापवून, पुन्हा पुन्हा ठोकून घडवलेले ते चौकोनी खिळे शतकानुशतकं टिकले आहेत.

आता लटकता खांब. होर्यूजीचा खांब लटकत नव्हता, उलट सुमारे तीन मीटर जमिनीत पुरलेला होता. पुरलेलं टोक कुजून खाली पोकळी झाली होती, ती १९२६ साली सापडली. लटकते खांब खूप नंतरचे. निक्को गावच्या तोशोगू देवस्थानातल्या १८१८च्या पॅगोडात खांब चौथ्या मजल्यावरून साखळ्यांनी टांगलेला आहे, तळाशी सुमारे दहा सेंटिमीटर फट आहे. ही युक्ती प्रामुख्याने लाकडाच्या आकसण्यावरची आहे. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, आडवं मात्र बरंच आकसतं. मजले आडव्या तुळयांच्या थरांचे, म्हणून ते वर्षानुवर्षं खचत जातात. उभा खांब खचत नाही. मग छप्पर खाली जातं, खांब वर निघतो आणि शिखरापाशी पाणी शिरतं. खांब टांगला की तोही मजल्यांबरोबर खाली येतो.

भूकंपात त्याचा किती हात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एवढं नक्की की प्रत्येक मजल्याचे खांब वेगळे असतात, मजले एकावर एक रचलेले असतात आणि सांधे घासत थोडे सरकतात, त्यात हादऱ्याची बरीच ऊर्जा जिरते. वाऱ्यापुढे हे नेहमी पुरत नाही: ओसाकाच्या शितेन्नोजी मंदिराचा पॅगोडा १९३४च्या मुरोतो वादळात कोसळला.

आणि दुरुस्ती? होर्यूजीचा हा पॅगोडा १९४०च्या दशकात सुटा करून, कुजलेला भाग तेवढा कापून, नवं हिनोकी जोडून पुन्हा उभारला. काम १९५२ला संपलं. त्याच मोठ्या दुरुस्तीच्या काळात, जानेवारी १९४९मध्ये, शेजारच्या मुख्य मंदिरात आग लागून भित्तिचित्रं होरपळली.

याच मेसेजला कधी टोकियो स्कायट्री या उंच मनोऱ्याचं शेपूट असतं: ‘तिथेही तोच लटकता खांब’. तिथला गाभा ३७५ मीटर उंचीची काँक्रीटची नळी आहे. ती जमिनीवर उभी आहे. १२५ मीटरपर्यंत पोलादी सांगाड्याला घट्ट जोडलेली, त्यावर तेलाच्या डॅम्परनी, म्हणजे हादरे शोषणाऱ्या दट्ट्यांनी.