‘नावं तर एलिस आयलंडवरच बदलली’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं बेट, अमेरिकेत राहायला येणाऱ्यांची तपासणी तिथं होई. जहाजांच्या प्रवासी याद्यांमधून आयरिश पूर्वज कसे शोधायचे, या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: ‘एलिस आयलंडच्या कारकुनांनी सगळ्यांची नावं बदलली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. या याद्यांवर काय विश्वास ठेवायचा? नाव-वय जुळलं की सापडला पूर्वज! रिकामपणाचे उद्योग.’

मतभेद जरूर असावेत, पण ही कुठली भाषा? निनावी लिहायचं आणि वर शेंबडी पोरं काढायची! लेख लांबला, एवढं मान्य. तक्ते आटोपशीर हवे होते.

आता कारकुनांचं बघू. यादी त्या बेटावर लिहिलीच जात नव्हती. जहाज कंपनीची माणसं ती निघायच्या बंदरात भरत, म्हणजे क्वीन्सटाउनला (आजचं कोव्ह) नाहीतर लिव्हरपूलला. एलिस आयलंडचा तपासनीस तीच यादी पुढ्यात घेऊन प्रश्न विचारी आणि उत्तरं पडताळून बघे. तिथं कोणाचं बारसं होत नव्हतं. कित्येक घराण्यांच्या आडनावाआधीचा ‘ओ’ (‘ओब्रायन’मधला) तर आयर्लंडातच गळला होता, त्याचं खापरही त्या कारकुनांच्या माथी?

आणि एलिस आयलंड उघडलं १ जानेवारी १८९२ ला. पहिली उतरली ती कॉर्कची ॲनी मूर. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात देश सोडलेल्यांची नावं तिथं कोण बदलणार होतं? त्यांच्या याद्या १८१९ च्या कायद्याप्रमाणे जहाजाचे कप्तान कस्टम्सकडे देत. त्यांत स्पेलिंग कानाला लागेल तसं आणि वय अंदाजपंचे, हे खरं. पण चुकीचं लिहिणं वेगळं, नाव बदलणं वेगळं. एवढा फरक तरी करा!

नाव-वय जुळवण्याबद्दल म्हणाल, तर नुसतं तेवढ्यावर भागत नाही, हे मलाही मान्य. ॲनी मूर म्हणून टेक्सासमधल्या भलत्याच बाईला वर्षानुवर्षं मान मिळत होता. तो घोळ २००६ मध्ये निस्तरला, तोही जुने कागद धुंडाळूनच.

माझं स्वतःचं सांगते. आमचे जावई बॉस्टनचे, आयरिश वंशाचे. विहीणबाईंना त्यांच्या आजीचं माहेर गॅल्वेकडचं, एवढंच ठाऊक होतं. बॉस्टनला आलेल्या एका जहाजाच्या यादीत आजी सापडली: वय १९, कामधंदा मोलकरीण. १८९३ च्या कायद्यानं यादीत ‘कोणाकडे चाललात’ हा रकाना आला होता, त्यात मावशीचं नाव आणि साउथ बॉस्टनचा पत्ता. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत त्याच पत्त्यावर मावशी, आणि तिच्या खाली भाची. आजीच्या माहेरच्या आडनावावरून १९०१ च्या आयरिश जनगणनेत गॅल्वेतलं घर मिळालं, आईबाप आणि धाकटी भावंडं. विहीणबाई त्या कागदावर बोट ठेवून एकेक नाव मोठ्यानं वाचत होत्या. याला आपण रिकामपणाचे उद्योग म्हणता? त्या शब्दाला मी उत्तर देणार नाही.

पुढचा लेख कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चमधल्या बाप्तिस्मा-लग्नांच्या, नोंदवह्यांवर आहे. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५ मध्ये त्या सर्वांसाठी मोफत खुल्या केल्या. त्यावर जरूर लिहा, फक्त आधी लेख पूर्ण वाचा आणि खाली आपलं नाव घाला.